अवधाण

शिंगाळ्याचा काटा आयच्या अंगठ्यात गेला
मंगळवारी पहाटे, भाऊच्या धक्क्यावर,
लिलाव ऐन रंगात असताना.
तिने अंगठा चोखला, थुंकली,
आणि बोली सोडली नाही.

कातडीखाली तेव्हा हाक गेली होती.
एक पेशी फुटली, तिचं आतलं बाहेर सांडलं,
एवढीच ती हाक.
शेजारी वर्षानुवर्षं ठिय्या देऊन बसलेल्या
एका म्हाताऱ्या भक्षक पेशीने
सांडलेलं चाचपलं, त्यात आणखी काही चाचपलं:
हे आपल्यातलं नव्हे.

मग निरोप सुटले.
पेशींना कान नसतात, अंगभर कड्या असतात,
नेमकी कडी वाजली तरच आत कळतं.
वाजत गेल्या.
रक्तवाहिनीच्या भिंतीने सांधे सैल केले,
पांढऱ्या पेशी घरंगळत आल्या, अडखळल्या,
भिंतीला धरून उभ्या राहिल्या,
आणि अंग चोरून पलीकडे उतरल्या.

बाहेरून एवढंच: अंगठा सुजला.

बुधवारी हळद-चुना.
गुरुवारी रात्री निरोप मेंदूपर्यंत गेला
आणि तिने भर उकाड्यात गोधडी मागितली.

शुक्रवारी तिचं रक्त माझ्या टेबलावर आलं,
परळला, तिसऱ्या मजल्यावर,
बाविसाव्या नळीत.
चांगुणा नाखवा, स्त्री, ५८.
मी नाव दोनदा वाचलं
आणि रजिस्टरात नुसता नंबर लिहिला.

शंभर पेशी मोजायच्या असतात.
डाव्या हाताखाली मोजणीयंत्र, खट्, खट्,
उजव्या हाताने काचपट्टी सरकवायची.
चौऱ्याऐंशी आघाडीच्या.
त्यांतल्या अकरा कोवळ्या,
केंद्रकाचे अजून तुकडे न पडलेल्या,
घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या.
मज्जेने न पिकलेली पोरंसुद्धा धाडली होती.
कमरेच्या हाडाच्या पोटात, तिथवर
खबर पोचली होती.

मला कुणी फोन केला नव्हता.

खोलीच्या कागदांवरून चार महिने
आम्ही दोघी बोलत नव्हतो.
मीही केला नव्हता, हे इथे लिहायला हवं.

वॉर्डात ती भिंतीकडे तोंड करून होती.
मला पाहून आधी पदर सारखा केला,
मग हात वर उचलला, जसा काही वादच नव्हता,
"बघ गो, काखेत अवधान आलंय.
काटा लागला हितं, न् दुखतंय तिथं. असं कसं?"

आय पाण्यालाही पानी म्हणते.
तिच्या तोंडी अवधाणाचं अवधान होतं,
आणि मला वाटलं, डॉक्टरांपेक्षा तीच बरोबर.
कारण अंगठ्यातून एक फांद्याफांद्यांची पेशी
शत्रूचा तुकडा उरावर घेऊन
काखेपर्यंत चालत आली होती.
तिथे ती उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवते.
हजारो बघतात आणि पुढे जातात.
एखादीच थांबते.
आयुष्यभर ती याच एका तुकड्यासाठी
ताटकळलेली असते, तिला ते माहीत नसतं.
ती थांबली की दोन होतात, चार होतात,
त्या गर्दीची गाठ दुखते.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही.
"तिथं ओळख पटतेय," म्हणाले.
"कुनाची?"
मला पटकन उत्तर सुचलं नाही.

शनिवारी चीर दिली. पू निघाला.
मी मोजलेल्यांच्याच भाईबंदांची प्रेतं ती,
एकेकीचं आयुष्य दिवसाचं, फार तर दोन.
कापसाने पुसून पिवळ्या पिशवीत गेली.

थांबायचेही निरोप असतात.
पुस्तकात ते शेवटच्या धड्यात येतात
आणि परीक्षेत कुणी विचारत नाही.
सूज आपोआप ओसरत नाही,
कुणीतरी आधी म्हणावं लागतं, पुरे.
पण काही पेशी मागे राहतात, वर्षानुवर्षं,
आठवण धरून. सूज गेली तरी.

आय पट्टी बांधलेला अंगठा उन्हात धरून
बराच वेळ बघत राहिली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
"त्यो शिंगाला साडेचारशेला गेला."